चांदीच्या गावातलं नसलेलं हॉटेल

शुक्रवार

गोल्डन गेट झाला, योसेमिटी झालं, आऊटलेट मॉलमध्ये नातवंडांसाठी बुटांची खरेदीही झाली. मग एका संध्याकाळी चहा घेता घेता मामा म्हणाला, "आता ते पूल आणि धबधबे पुरे. आपला रुपया ज्या चांदीने पाडला ती जिथे निघाली, ते गाव इथून किती लांब आहे गं?"

मामा फोर्टातल्या एका बँकेतून निवृत्त झाला, परकीय चलन विभागातून. रुपया कोणत्या साली किती घसरला हे त्याला घरातल्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ. "रोज टांकसाळीवरून चालत गेलोय मी," हे त्याचं पालुपद. नेवाडातलं व्हर्जिनिया सिटी आमच्या सॅन होजेहून गाडीने साधारण पाच तासांवर. सप्टेंबर संपत आला होता, घाटात अजून बर्फ नव्हता. शुक्रवारची सुट्टी टाकली आणि मामा, मामी, नवरा आणि मी असे निघालो.

सॅक्रामेंटोपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पुढे सिएरा नेवाडाचा चढ लागला की काच खाली करावीशी वाटते, पाइनचा वास येतो. डॉनर खिंडीजवळ थांबून डबा उघडला. १८४६-४७ च्या हिवाळ्यात इथे बर्फात अडकलेल्या कुटुंबांनी शेवटी काय खाऊन दिवस काढले, हे नवऱ्याने नेमकं तेव्हाच सांगितलं. मामीने हातातली दशमी तशीच धरून, "जावईबापू, जेवण झाल्यावर सांगितलं असतंत तरी चाललं असतं," एवढंच म्हटलं.

रीनोच्या दक्षिणेला मोठा रस्ता सोडला आणि गायगर ग्रेड नावाचा घाट धरला. १८६० च्या दशकात घोडागाड्यांसाठी टोल घेऊन बांधलेल्या वाटेचा हा वारस. वळणावर वळणं, बाजूला उघडेबोडके डोंगर, कुठे बुटकी झाडं आणि धुरकट रंगाची सेजची झुडपं. मोठी झाडं कुठे गेली, ते दुसऱ्या दिवशी जमिनीखाली गेल्यावर कळलं.

व्हर्जिनिया सिटी माउंट डेव्हिडसनच्या पूर्व उतारावर आहे, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच. उतार चांगलाच तीव्र. त्यामुळे रस्ते एकाखाली एक आणि नावं नुसती अक्षरं: सगळ्यांत वर ए, मग बी, सी, डी असं उतरत जायचं. वरच्या अंगाला पैसेवाल्यांची घरं, सी वर बाजारपेठ, डी वर वेश्यावस्ती, त्याखाली रेल्वे आणि आणखी खाली चिनी वस्ती. समाजाची उतरंड इथे नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. १८७० च्या दशकाच्या मध्यावर शेजारचं गोल्ड हिल धरून इथे पंचवीस हजारांच्या आसपास माणसं राहत. आज व्हर्जिनिया सिटीत हजारही नाहीत.

सी स्ट्रीट मात्र गजबजलेला. लाकडी फूटपाथ, त्यावर लाकडी छपरं, एका आड एक सलून (दाढीचं नव्हे, दारूचं, मामीला हे आधी सांगून ठेवलं होतं), फजची दुकानं, काउबॉय टोप्या, कोपऱ्याकोपऱ्यात स्लॉट मशीन. कमरेला खोटं पिस्तूल लावलेला एक आजोबा पर्यटकांबरोबर फोटो काढून घेत होता. आम्ही गाडी लावायला जागा शोधत एक फेरी मारली आणि सी आणि युनियन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये ती लावली.

मामीला फ्रिजवर लावायचे मॅग्नेट हवे होते म्हणून एका दुकानात शिरलो. तिथे जुन्या फोटोंच्या पोस्टकार्डांचा फिरता स्टँड होता. एका कार्डावर भलीमोठी इमारत. सहा मजले, ओळीने उभ्या खिडक्या, सपाट छप्पर, खाली रस्त्यावर घोडागाड्या आणि टोपीवाले पुरुष एवढे एवढेसे. नाव इंटरनॅशनल हॉटेल. मामाने चष्मा कपाळावर चढवला आणि कार्ड नाकाजवळ नेलं.

"ही कुठे आहे?" मी दुकानातल्या बाईंना विचारलं.

त्यांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. "ती पांढरी गाडी तुमचीच ना? तिच्या जागी."

झालं. मामाला सुट्टीचा विषय मिळाला.

या नावाचं पहिलं हॉटेल गाव वसल्याबरोबर उभं राहिलं होतं, लाकडी. मोठं बांधायची वेळ आली तेव्हा त्याचा भाग सुटा करून १८६३ मध्ये वाळवंटापलीकडच्या ऑस्टिन नावाच्या नव्या खाणगावात नेला. लाकूड दुर्मिळ, माणसं घाईत, मग इमारतही पुढच्या गावाला निघायची. त्यानंतरचं हॉटेल २६ ऑक्टोबर १८७५ च्या आगीत गेलं. त्या एका दिवसात गावाचा बहुतेक व्यापारी भाग जळला. आणि मग राखेवर, १८७७ मध्ये, कार्डावरचं हे हॉटेल उघडलं. सी स्ट्रीटकडून सहा मजले आणि मागे बी स्ट्रीटकडून चार, कारण मधे दोन मजल्यांचा उतार. वरच्या रस्त्याने आत शिरलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर असायचा. आत लिफ्ट होती, नेवाडातली पहिली. लोक तिला ‘वर चढणारी खोली’ म्हणत.

"अठराशे सत्त्याहत्तरमध्ये लिफ्ट? या डोंगरात?" मामाला पटेना. मग त्याला काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल आठवलं. तेही त्याच दशकातलं, १८७१ ला उघडलेलं, बिडाचा सांगाडा विलायतेतून घडवून आणलेला. "आपलं निदान उभं तरी आहे. कसंबसं, पण आहे."

ऊन उतरल्यावर तो पुन्हा पार्किंग लॉटमध्ये गेला आणि कार्ड हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत चालायला लागला. मधे एक मोटरसायकलवाला निघायच्या तयारीत होता. त्याने काही न विचारता गाडी मागे घेऊन वाट करून दिली. वर पाहिलं की बी स्ट्रीट आणि त्यावरच्या इमारतींची तोंडं दिसतात, म्हणजे मधला दोन मजल्यांचा उतार डोळ्यांत भरतो. खाली पाहिलं की दरी, आणि दरीपलीकडे किती तरी मैल नुसतं वाळवंट. सहाव्या मजल्याच्या खिडकीतून काय दिसत असेल याचा अंदाज यायला तेवढं पुरलं.

शनिवार

सकाळी खाणीत. गावात पर्यटकांना आत नेणाऱ्या एक-दोन जुन्या खाणी आहेत, त्यांतल्या एकीत गेलो. आत थोडंच जाता येतं आणि तेवढ्या भागात हवा चांगली गार होती. मामीने शाल घेतली होती, तिचं चुकत नाही कधी.

गोष्ट १८५९ ची. पीटर ओ'रायली आणि पॅट्रिक मॅकलाफ्लिन हे दोन आयरिश मजूर इथे ओढ्याच्या उगमाशी सोनं धूत होते. सोन्याच्या वाटेत एक जड निळसर चिखल यायचा, धुण्याची यंत्रं तुंबवायचा आणि ते तो शिव्या देत फेकून द्यायचे. तेवढ्यात हेन्री कॉमस्टॉक नावाचा बडबड्या इसम तिथे आला, ही जागा माझीच आहे असा दम भरला आणि भागीदार होऊन बसला. पुढे तो चिखल कॅलिफोर्नियात नेऊन तपासला तेव्हा तो चांदीने ठासून भरलेला निघाला. खडकातल्या चांदीच्या त्या पट्ट्याला, शिरेला, नाव पडलं ते शोधणाऱ्यांचं नाही, या दमबाजाचं: कॉमस्टॉक लोड. त्याने आपला हिस्सा अकराएक हजार डॉलरना विकला, पैसे उडवले आणि १८७० मध्ये मोंटानात स्वतःवर गोळी झाडून घेतली.

कॉमस्टॉकचं दुखणं असं की खनिज कडक खडकात नव्हतं. शिरा रुंद, पण भुसभुशीत. नेहमीसारखे दोन खांब आणि वर तुळई असा आधार दिला तर सगळं अंगावर यायचं. १८६० मध्ये फिलिप डाइडसहायमर या जर्मन इंजिनियरला ओफिर खाणीने बोलावलं. त्याने जाड लाकडी सोटांचे घनाकार सांगाडे करून ते एकमेकांना जोडत वर, खाली, बाजूला, हवे तितके वाढवायची पद्धत काढली. गाइडने टॉर्च मारून एक सांधा दाखवला: तीन दिशांचे सोट एकाच टोकाशी खाच करून बसवलेले, खिळा नाही. वरच्या डोंगराचं ओझं जेवढं जास्त तेवढा सांधा घट्ट. मामा त्या खाचेवरून बोट फिरवत राहिला. डाइडसहायमरने या युक्तीचं पेटंट घेतलं नाही. आणि सिएराची जंगलं, लेक टाहोच्या काठावरचे पाइन, सगळे तोडून या सांगाड्यांसाठी इथे आणून पुरले. काल घाटात झाडं का दिसली नाहीत, त्याचं उत्तर पायाखाली होतं.

जसजसं खोल जावं तसतसं तापत जायचं. पाणी असं निघायचं की अंगावर उडालं तर भाजावं. खालच्या पातळ्यांवर मजुरांना बर्फ पुरवला जायचा, थोडा वेळ काम आणि थोडा वेळ बर्फाशेजारी बसणं. मजुरी दिवसाला चार डॉलर, त्या काळी जगातल्या सर्वांत चांगल्या मजुरीपैकी एक, आणि ती टिकवली खाणकामगारांच्या संघटनेने. याच संघटनेची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८६९ मध्ये रेल्वेचा मार्ग टाकणाऱ्या चिनी मजुरांना तिने मोर्चा नेऊन हाकलून लावलं, आणि व्हर्जिनिया सिटी व गोल्ड हिलच्या हद्दीत चिन्यांना कामावर घेणार नाही असं रेल्वेच्या मालकांकडून कबूल करून घेतलं. चिन्यांनी मग धोबीकाम, स्वयंपाक, लाकूडफाटा विकणं यांवर गुजराण केली.

बाहेर आल्यावर उजेडाने डोळे दिपले. चहा गावभर कुठे मिळेना, कॉफीवर भागवलं.

मग चालत फोर्थ वॉर्ड स्कूल. सी स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला १८७६ ची चार मजली लाकडी शाळा, एक हजारांवर मुलांसाठी बांधलेली, मजल्यामजल्यावर नळाचं पाणी आणि आतच संडास. १९३६ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली, आता म्युझियम आहे. नळाला पाणी कुठून? तर १८७३ मध्ये हरमन शुसलर या इंजिनियरने सिएराच्या डोंगरातलं पाणी मधली अख्खी दरी लोखंडी पाइपातून खाली उतरवून पलीकडे पुन्हा चढवलं होतं. पंप नाही, नुसता उंचीतला फरक. त्या योजनेचं पाणी गावाला अजून येतं. हॉटेलं गेली, खाणी मिटल्या, पाणी येतंय. मला विचाराल तर या गावातलं सगळ्यांत थोर काम ते हेच, पण त्याचं मॅग्नेट मिळत नाही.

शाळेत जुन्या गावाची बरीच छायाचित्रं आहेत. आगीनंतरची पाहताना मामी गप्प झाली: भिंतींचे सांगाडे आणि मधे रिकामे रस्ते. आग वरच्या ए स्ट्रीटवरच्या एका खानावळीत सुरू झाली म्हणतात, दिवा उलटून. वाऱ्याने ती खाली खेचली. ती खाणींच्या तोंडांतून आत शिरली असती तर तळाशी पुरलेलं सगळं जंगल पेटलं असतं. म्हणून वाटेतलं सेंट मेरीचं चर्च सुरुंगाने उडवून दिलं, आणि खाणमालक जॉन मॅके याने ‘आधी खाण वाचवा, चर्च मी पुन्हा बांधून देतो’ असा शब्द दिला, ही गोष्ट गावात सगळे सांगतात. चर्च पुन्हा बांधलं गेलं आणि आज उभं आहे.

हे सगळं पाहताना माझं लक्ष परत परत त्या हॉटेलाकडे जात होतं. आग लागली ऑक्टोबर १८७५ ला आणि दीड वर्षाच्या आत सहा मजली हॉटेल, चार मजली शाळा, नवं कोर्ट, चर्च. हा जोर कुठून आला? १८७३ मध्ये मॅके, फेअर, फ्लड आणि ओ'ब्रायन या चौघांच्या कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया खाणीत हजार-बाराशे फुटांखाली प्रचंड साठा लागला होता. त्याला लोक ‘बिग बोनान्झा’ म्हणत. १८७६-७७ मध्ये उत्पादन कळसाला होतं, आणि नेमकं तेव्हाच हॉटेल उघडलं. बांधणाऱ्यांना वाटलं असणार, ही सुरुवात आहे. होता तो शेवट. १८७० चं दशक सरता सरता साठा आटला, सॅन फ्रान्सिस्कोच्या शेअर बाजारात खाणींचे भाव कोसळले, माणसं जायला लागली. १८८० च्या जनगणनेत गावात अकरा हजारांच्या आसपास लोक उरले होते, १९०० मध्ये तीन हजारांच्या आत. सहा मजल्यांचं हॉटेल आणि त्यात उतरायला कोणी नाही, असं तीसेक वर्षं चाललं. डिसेंबर १९१४ मध्ये तेही जळालं. पुन्हा बांधायचं कोणाच्या मनातही आलं नसेल. बांधायचं कोणासाठी?

दुपारी बी स्ट्रीटवर. पायपर्स ऑपेरा हाउस पार्किंग लॉटच्या वरच्या कोपऱ्यावरच आहे. जॉन पायपरचं पहिलं नाट्यगृह १८७५ ला जळलं, दुसरं १८८३ ला. १८८५ ला त्याने तिसरं उभारलं ते हे. हा माणूस चिवट खरा. हॉटेलातून मागच्या दाराने बाहेर पडलं की समोर नाटक. जवळच १८७७ चं कोर्ट. दर्शनी भागावर न्यायदेवता उभी आहे आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. "खाणींचे खटले चालायचे इथे, डोळे उघडे ठेवलेलेच बरे," मामाचं भाष्य. कोर्ट अजून चालू आहे.

संध्याकाळी सी स्ट्रीटवर बंदुकीच्या चकमकीच्या खेळाची हाकाटी चालली होती. मार्क ट्वेनच्या नावाच्या पाट्या होत्या. त्या मात्र खऱ्या आहेत: १८६२ मध्ये तो इथल्या टेरिटोरियल एंटरप्राइज पत्रात वार्ताहर म्हणून लागला आणि १८६३ च्या फेब्रुवारीत ते टोपणनाव त्याने इथेच पहिल्यांदा छापलं. पण बाकीचा हा काउबॉयचा थाट? इथे गुरं कुठली आणि गुराखी कुठले! इथे होते कॉर्नवॉल आणि आयर्लंडचे खाणकामगार, जर्मन इंजिनियर, युनियन, तारायंत्र, वाफेची इंजिनं, सॅन फ्रान्सिस्कोत तासातासाला बदलणारे शेअरचे भाव. ते औद्योगिक शहर होतं, डोंगरावर टांगलेलं. उंटसुद्धा होते एकेकाळी, चांदी गाळायला लागणारं मीठ वाहून आणायला, पण गुराखी नव्हते. ज्या इमारतींमुळे हे समजलं असतं त्या गेल्या, आणि ज्या बुटक्या सलूनांवर सिनेमातल्या गावाची कल्पना बसवता येते ती राहिली. कोपऱ्यावर ते सहा मजले लिफ्टसकट उभे असते तर त्यांच्यासमोर खोटं पिस्तूल लावून उभं राहायला त्या आजोबांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं असतं. हे मी जेवताना बोलले तर नवरा म्हणाला, "आणि आपल्याला गाडी लावायला जागा मिळाली नसती." त्याचं काय करायचं!

त्याच रात्री एका जुन्या हॉटेलात भिंतभर उंचीची ‘सिल्व्हर क्वीन’ पाहिली. एका बाईचं चित्र, पंधरा फुटांचं, आणि तिचा झगा तीन हजारांवर खऱ्या चांदीच्या डॉलरचा. मामीने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "पैंजण नाहीत," ती म्हणाली.

रविवार

निघताना गोल्ड हिलवरून कार्सन सिटीला उतरलो. वाटेत व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेचे रूळ दिसत राहतात. १८७० मध्ये हा मार्ग गावात पोचला. डोंगरातल्या त्याच्या वळणांची बेरीज केली तर सतरा पूर्ण फेऱ्या होतात असं सांगतात. १९३८ मध्ये गावापर्यंतची गाडी बंद झाली. थोड्या अंतरावर पुन्हा रूळ टाकून आता पर्यटकांसाठी चालवतात. आम्ही बसलो नाही, मामाला टांकसाळ गाठायची होती.

कार्सन सिटीची टांकसाळ आता नेवाडा राज्याचं म्युझियम आहे. जवळच्या तुरुंगाच्या खाणीतला वालुकाश्म वापरून बांधलेली घडीव दगडी इमारत, एब करी नावाच्या माणसाच्या देखरेखीत उभी राहिलेली. १८७० मध्ये नाणी पाडायला सुरुवात झाली, प्रत्येकावर ‘सीसी’ अशी खूण. आत पहिल्या नंबरचा छाप मारायचा प्रेस ठेवलाय. फिलाडेल्फियात १८६९ ला घडवलेला, सहा टन वजनाचा, काळ्या लोखंडाचा, वरून कमान. मामा त्याच्यापुढे उभा राहिला तो हलेना. त्याच्यासाठी आम्ही इथवर आलो होतो, म्हणून त्याने सांगितलेलं जरा सविस्तर लिहिते.

रुपया तेव्हा चांदीचा होता. १८३५ पासून कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच नाणं, वजन १८० ग्रेन, त्यात अकरा बारांश शुद्ध चांदी. मुंबईच्या टांकसाळीत कोणीही चांदी घेऊन जावं, किरकोळ आकार भरावा आणि रुपये पाडून घ्यावेत. त्यामुळे रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सुमारे १ शिलिंग ११ पेन्सना होता (बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड). मग दोन गोष्टी एकदम झाल्या. जर्मनीने १८७१ पासून सोन्याचं चलन धरलं आणि साठवलेली चांदी विकायला काढली, तिच्यामागून युरोपातल्या इतर देशांनी चांदीची नाणी पाडणं आवरलं, अमेरिकेनेही १८७३ च्या कायद्यात चांदीचा नेहमीचा डॉलर वगळला. गिऱ्हाईक कमी झालं. आणि त्याच सुमाराला इकडे बिग बोनान्झा.

"म्हणजे एकट्या या गावाला दोष द्यायचा नाही," मामा म्हणाला. "इथल्या मालात किमतीने निम्म्याच्या जवळपास तर सोनंच होतं. पण भाव पडायला लागला की नवा माल येतोय ही बातमीच पुरते."

भाव पडत गेला. १८९२-९३ मध्ये रुपया सुमारे १ शिलिंग ३ पेन्सवर आला. हिशोब करून पाहा: पूर्वी विलायतेत एक पौंड पोचवायला साडेदहा रुपये लागत, आता सोळा. आणि सरकारला दरवर्षी लंडनला पौंडात भरावे लागणारे ‘होम चार्जेस’ होतेच: निवृत्त साहेबांची पेन्शनं, रेल्वेच्या कर्जाचं व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च. दादाभाई ज्या संपत्तीच्या ओघाबद्दल बोलत होते तो चांदी पडली तसा आणखी रुंदावला. गोऱ्या अधिकाऱ्यांची ओरड वेगळी, त्यांचा पगार रुपयांत आणि पोरांची शाळा इंग्लंडात. उलट मुंबईच्या गिरण्यांना पडता रुपया मानवला. चीनला जाणारं सूत स्वस्त पडत होतं.

२६ जून १८९३ ला सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. रुपया यापुढे सरकार पाडेल तेवढाच. चांदीचा भाव काही दिवसांत आणखी कोसळला, अमेरिकेतल्या चांदीच्या खाणींत हाहाकार झाला. कार्सन सिटीच्या टांकसाळीनेही नाणी पाडणं थांबवलं ते त्याच १८९३ मध्ये. मुंबई आणि कार्सन सिटी, पृथ्वीच्या दोन टोकांच्या टांकसाळी. पाटीवरचं ते साल वाचल्यावर मामाने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

"रुपया पुढे १ शिलिंग ४ पेन्सवर बांधला, सावरला," तो म्हणाला, "पण सावरला कोणाचा? देशावरच्या शेतकऱ्याच्या बायकोच्या पायातले तोडे, दंडातल्या वाक्या, गोठ. ही तिची बँक. तोवर चांदी म्हणजे रुपयाच होता, फक्त न पाडलेला. टांकसाळ बंद झाली आणि तोड्याचा रुपयाशी सांधा तुटला. रुपया वर, चांदी खाली. तीन वर्षांनी, शहाण्णवला दुष्काळ पडला तेव्हा तोडे मोडायला नेलेल्या बाईच्या हातात सावकाराने कमी रुपये ठेवले."

मामी प्रेसच्या कठड्याला टेकून ऐकत होती. तिच्या आजेसासूबाईंचे तोडे त्यांच्या कुटुंबात कोणी कधी पाहिले नव्हते, फक्त होते असं ऐकलं होतं. "कधी मोडले काय माहीत," ती म्हणाली. "अहो, पण मग ती चांदी गेली कुठे? आणि इथले पैसे? गावात तर काहीच दिसत नाही."

इथले पैसे गेले सॅन फ्रान्सिस्कोला, हे मात्र मला ठाऊक होतं. फ्लडची हवेली आज नॉब हिलवर क्लब आहे. तिच्यासमोर फेअरमाँट हॉटेल, जेम्स फेअरच्या मुलींनी बापाचं नाव देऊन बांधायला काढलेलं, १९०६ च्या भूकंपात पोळून १९०७ ला उघडलेलं. खाणींचं पाणी काढायला चारेक मैलांचा बोगदा खणणारा अ‍ॅडॉल्फ सुत्रो, त्याचा बोगदा १८७८ मध्ये खाणीला येऊन भिडला तोवर खाणी संपत आल्या होत्या. त्याने हिस्सा विकला, सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेतल्या, पुढे तिथला महापौर झाला. त्याच्या नावाचा टॉवर तिकडे गेलं की दिसतो. म्हणजे खाणगावातलं हॉटेल बांधायला जो पैसा थांबला तो अपवाद, बाकी सगळा डोंगर उतरून गेला. मजुरांच्या वाट्याला दिवसाचे चार डॉलर आले, गावाच्या वाट्याला बोगदे.

परतताना साउथ लेक टाहोवरून आलो. रविवारची संध्याकाळ, रांगच रांग, प्लासरव्हिलला पोचेपर्यंत अंधार. मामीला झोप लागली होती. मामा मागच्या सीटवर फोन चाळत होता. मंगळवारी नॉब हिलला जायचं, फेअरमाँटमध्ये दुपारचा चहा घ्यायचा आणि आपल्या चांदीचा थोडा मोबदला वसूल करायचा, असा त्याचा बेत. मग त्याने तिथल्या चहाचा दर शोधला, आजच्या भावाने रुपयांत मांडला, पुन्हा एकदा मांडून पाहिला आणि म्हणाला, "बाहेरूनच बघू. चहा घरी कर."